चुलीचं वैल आणि मोहल्ल्याची वीज

(युवक शिबिरातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'अक्षय ऊर्जा आणि आपली वस्ती'. यावर बोलताना लोक सहसा हिमनगापासून सुरुवात करतात. मी तसं करणार नाही. मी इंजिनिअर आहे. गेली बरीच वर्षं साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत काम करतोय. बॉयलर, टर्बाईन, वाफ हे माझं रोजचं काम. माझं लहानपण मात्र इचलकरंजीत, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. म्हणून मी दोन जागांवरून बोलणार आहे. एक, जिथे वीज तयार होते ती. दुसरी, जिथे विजेचं बिल हातात आल्यावर घरातलं बोलणं बंद होतं ती.

आधी आपल्या आजीच्या चुलीकडे जाऊ. तुमच्यापैकी ज्यांची गावाकडे घरं आहेत त्यांनी चुलीच्या शेजारचं वैल पाहिलं असेल. काही भागांत त्याला औल म्हणतात. चुलीत लाकूड एकदाच जळतं. तव्यावर भाकरी होते, आणि तीच धग आतल्या भोकातून शेजारच्या वैलावर जाते. तिथे आमटी उकळते किंवा आंघोळीचं पाणी तापतं. जळण एक, कामं दोन. आजचा माझा निम्मा विषय या वैलात आहे.

आता चंद्रपूर किंवा कोराडीसारखं कोळशावरचं मोठं वीज केंद्र डोळ्यांसमोर आणा. कोळशात १०० भाग ऊर्जा असेल तर त्यातली साधारण ३५ भागच वीज होऊन तारेत जाते. उरलेली बहुतेक सगळी उष्णता होऊन चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. ते अवाढव्य टॉवर आणि त्यातून निघणारे पांढरे ढग आपण रेल्वेतून कौतुकाने बघतो. तो धूर नसतो, ती वाफ असते. म्हणजे कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा तिथे आकाशाला अर्पण होत असते. आपल्या घरांत याला एक शब्द आहे, इसराफ. ताटात अन्न टाकलं किंवा नळ सुरू ठेवला की आई हा शब्द उच्चारते. कूलिंग टॉवरसमोर उभं राहून तो कुणी उच्चारत नाही.

यात इंजिनिअरची चूक नाही. उष्णतेपासून वीज करताना काही उष्णता सोडावीच लागते, तो निसर्गाचा नियम आहे. पण ती सोडायची कुठे, हे माणसाच्या हातात असतं. वीज केंद्र वस्तीपासून दूर असलं तर शेजारी त्या उष्णतेचं गिऱ्हाईक नसतं आणि ती हवेत जाते. केंद्र लहान असलं आणि उष्णता लागणाऱ्या जागेजवळ असलं तर तीच उष्णता कामाला येते. मग १०० भागांतले ८० किंवा त्याहूनही जास्त भाग वापरता येतात. यालाच उष्णता आणि वीज यांची एकत्रित निर्मिती म्हणतात. आमच्या कारखान्यांत आम्ही 'कोजन' म्हणतो, कागदोपत्री 'सहवीज'.

साखर कारखान्यातलं वैल

हे तंत्र परदेशी आणि आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं वाटत असेल, तर पश्चिम महाराष्ट्रात किंवा मराठवाड्यात गळीत हंगामात कुठल्याही मोठ्या साखर कारखान्यात जाऊन बघा. एक टन ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं चिपाड उरतं. आम्ही त्याला बगॅस म्हणतो. ते बॉयलरमध्ये जळतं आणि पाण्याची वाफ होते. ती जोरदार वाफ आधी टर्बाईन फिरवते आणि वीज होते. टर्बाईनमधून बाहेर पडलेली, दाब कमी झालेली वाफ फेकून देत नाहीत. तीच उसाचा रस आटवायला जाते. भाकरी झाली आणि वैलावर आमटीही उकळली.

पूर्वी हे बॉयलर २१ किलो दाबाचे असायचे. कारखान्याची स्वतःची गरज भागली की झालं. उरलेल्या बगॅसचे ढीग पडून राहू नयेत म्हणून ते कसंही जाळून संपवायचे. नंतर ६७, ८७, ११० किलो दाबाचे बॉयलर आले. तेवढ्याच बगॅसमधून जास्त वीज निघू लागली आणि ती बाहेर विकता येऊ लागली. आज महाराष्ट्रात बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पांची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर आहे. उसाच्या चिपाडापासून, लक्षात घ्या.

मी याची जाहिरात करत नाही. ऊस पाणी पितो, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. हंगाम संपला की बगॅसही संपतं. चिमणीची जाळी आणि राखेची व्यवस्था नीट नसेल तर आसपासच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते. पण एक गोष्ट या कारखान्यांनी दाखवून दिली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी शेअर घेऊन कारखान्याची मालकी घेतली. एकट्या शेतकऱ्याला बॉयलर परवडला नसता. हजारो लोकांनी मिळून तो घेतला. पुढे सहकारात काय काय झालं तेही आपल्याला माहीत आहे. सभासद वार्षिक सभेला फक्त जेवायला जायला लागले की संस्था कुणाची होते, हे मी वेगळं सांगत नाही.

आज मला एवढंच सांगायचं आहे की ऊर्जेचा प्रश्न यंत्राइतकाच मालकीचा आणि हिशोबाचा आहे. यंत्र विकत मिळतं. ते कुणाचं, त्याचा हिशोब कोण बघणार आणि ते बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार, हे ठरवणं विकत मिळत नाही. यासाठी तुम्हाला थोडं दूर नेतो.

डेन्मार्कचा हिशोब

डेन्मार्क हा छोटा, थंड देश. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि भाव भडकले, तेव्हा डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात केलेल्या तेलावर होती. घरं गरम ठेवणंही अवघड झालं. रविवारी मोटारी बंद ठेवण्याची वेळ आली. त्या धक्क्यातून त्यांनी १९७९ साली उष्णता पुरवठ्याचा कायदा केला. नगरपालिकांनी आपापल्या गावाचा उष्णतेचा आराखडा करायचा, असं ठरलं. कुठे किती उष्णता लागते, कुठे वाया जाते आणि कुठून कुठे पाइप टाकता येईल, याचा तो आराखडा.

तिथे वीज केंद्राची किंवा कचरा जाळणाऱ्या केंद्राची उष्णता पाण्यात घेतात. ते गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत फिरवतात आणि थंड झालेलं परत आणतात. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग इथे १९०३ मध्येच कचरा जाळून वीज आणि रुग्णालयासाठी उष्णता, अशी दोन्ही कामं सुरू झाली होती. म्हणजे मुळात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते सगळ्या देशाने ठरवून करणं. आज तिथली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा सामाईक उष्णतेवर चालतात.

यातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट तांत्रिक नाही. कायद्यानुसार उष्णता पुरवणाऱ्या संस्थेने त्यावर नफा कमवायचा नाही. जेवढा खर्च तेवढाच दर. यांतल्या अनेक संस्था नगरपालिकेच्या आहेत, आणि गावोगावच्या कितीतरी संस्था ग्राहकांच्या स्वतःच्या, सहकारी आहेत. बिल भरणारा आणि मालक एकच. त्यामुळे पाइप गळला तर त्याचा पैसा कुणाच्या खिशातून जातो, हे गावाला कळतं.

एर नावाच्या बेटावर मार्स्टल हे छोटं गाव आहे. तिथल्या ग्राहकांच्या संस्थेने ३३ हजार चौरस मीटरहून जास्त सौर पॅनेल बसवले आहेत, तेही पाणी तापवणारे. उन्हाळ्यात तापलेलं पाणी साठवायला ७५ हजार घनमीटरचा तलाव खोदला आणि वरून जाड झाकण घातलं. उन्हाळ्याचं ऊन हिवाळ्यात वापरायचं. गावाच्या वर्षभराच्या उष्णतेतला निम्म्याच्या आसपास वाटा उन्हाचा. उरलेल्या गरजेसाठी लाकडाच्या तुकड्यांवरचा बॉयलर आहे. त्याच उष्णतेवर लहान टर्बाईन फिरतं आणि वीजही होते. पुन्हा वैल.

दुसरं बेट साम्सो. लोकसंख्या चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मध्यम गाव. १९९७ मध्ये सरकारच्या एका स्पर्धेत 'अक्षय ऊर्जेचं बेट' म्हणून त्याची निवड झाली. बक्षिसाची थैली काही नव्हती. दहा वर्षांच्या आत त्यांनी जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या केल्या. वर्षभरात बेटाला लागते त्याहून जास्त वीज होऊ लागली. घरं गरम ठेवायला गव्हाच्या काडावर, म्हणजे शेतातल्याच भुश्शावर चालणारी केंद्रं आली. जमिनीवरच्या बहुतेक पवनचक्क्या शेतकऱ्यांच्या, काही सहकारी, आणि समुद्रातल्या १० पैकी ५ नगरपालिकेच्या. सोरेन हर्मनसेन हा तिथला शाळेत पर्यावरण शिकवणारा माणूस गावोगाव बैठका घेत फिरला. सुरुवातीला लोकांना उत्साह नव्हता. शेजाऱ्याने शेअर घेतला, हिशोब दाखवला, तेव्हा दुसरा तयार झाला.

'आमच्याकडे जमीन नाही, आम्ही चाळीत राहतो' असं म्हणणाऱ्यांसाठी तिसरं उदाहरण. कोपनहेगनच्या बंदराबाहेर २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्या एका सहकारी संस्थेच्या. सभासद साडेआठ हजारांच्या आसपास, बहुतेक शहरातले फ्लॅटमध्ये राहणारे लोक. एक शेअर म्हणजे वर्षाला एक हजार युनिट वीज, असा सोपा हिशोब. छप्पर नसलेला माणूसही विजेचा मालक झाला.

जर्मनीतलं एक गाव

जर्मनीत ग्योटिंगेन शहराजवळ युंडे नावाचं साडेसातशे वस्तीचं गाव आहे. विद्यापीठातले काही अभ्यासक अशा गावाच्या शोधात होते जे स्वतःची उष्णता आणि वीज स्वतः तयार करेल. अनेक गावांतून युंडेची निवड झाली, कारण तिथले लोक एकत्र यायला तयार होते. गावकऱ्यांनी कामाचे गट केले, सहकारी संस्था काढली, घरटी शेअर गोळा केले. २००५ मध्ये प्रकल्प सुरू झाला. जनावरांचं मलमूत्र आणि शेतातला चारा बंद टाकीत कुजवायचा, त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. इंजिनमधून वीज होते आणि इंजिन तापतं. ती उष्णता पाण्यात घेऊन साडेपाच किलोमीटरच्या पाइपांतून घराघरांत. गावातल्या सत्तर टक्क्यांच्या आसपास घरांनी आपले तेलाचे बंब काढून टाकले. वीज गावाच्या गरजेच्या दुपटीच्या आसपास व्हायला लागली.

इथे एक सावधगिरीही सांगतो. जर्मनीत अशा प्रकल्पांना विजेचा ठरावीक दर २० वर्षांसाठी मिळत असे. अशा आधारावर उभं राहिलेल्या गावाला 'वीस वर्षांनंतर काय' हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा लागतो. सबसिडी ही शिडी आहे. चढायला घ्या, तिच्यावर घर बांधू नका.

आपल्याकडे उष्णता लागते कुठे?

आता तुम्ही म्हणाल, सर, आम्हाला मे महिन्यात घर गरम करायचं नाही, थंड करायचं आहे. बरोबर. डेन्मार्कची पाइपलाइन उचलून सोलापुरात आणली तर लोक आपल्याला वेड्यात काढतील. आपण त्यांची पाइपलाइन घ्यायची नाही, त्यांचा प्रश्न घ्यायचा. प्रश्न असा: आपल्या वस्तीत उष्णता कुठे लागते आणि कुठे वाया जाते?

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या मुलांनी याचं उत्तर लगेच द्यावं. मागाला वीज लागते. पण मागावर जाण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावावी लागते. ते सायझिंगचं काम. खळ शिजवायला वाफ, आणि खळीतून निघालेलं सूत वाळवायचे सिलिंडर तापवायलाही वाफ. पुढे कापड प्रोसेसला गेलं की धुणं, रंगवणं, वाळवणं, सगळीकडे वाफच. म्हणजे एकाच गावात, एकाच धंद्यात, हाकेच्या अंतरावर वीजही लागते आणि उष्णताही. उष्णता आणि वीज एकत्र तयार करण्यासाठी पुस्तकात जी जागा काढून दाखवतात, तशीच ही जागा आहे.

प्रत्यक्षात काय होतं? प्रत्येक सायझिंगचा आपला छोटा बॉयलर. त्याचा दाब बेताचा, त्यातून वीज काढायचा प्रश्नच नाही. जळणाचे भाव वाढले की हाताला येईल ते आत जातं. लाकूड, कोळसा, आणि काही ठिकाणी जे कधीच जाळू नये ते प्लास्टिक आणि चिंध्याही. त्याचा धूर कुठल्या मोहल्ल्यावर उतरतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे कोण राहतं, कुणाच्या अम्मीला दमा आहे आणि कुणाच्या मुलाला दर हिवाळ्यात वाफारा द्यावा लागतो, हेही तुम्हाला माहीत आहे. पर्यावरण हा शिकल्यासवरल्या, पोट भरलेल्या लोकांचा छंद आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला त्या गल्लीत आठ दिवस राहायला सांगा.

याला उपाय आहे का? गुजरातमध्ये अंकलेश्वरसारख्या औद्योगिक वसाहतींत एक मोठा बॉयलर चालवून पाइपने अनेक कारखान्यांना वाफ विकली जाते. प्रत्येकाने छोटी चूल पेटवण्याऐवजी एक मोठी, नीट देखरेख असलेली चूल. धूर गाळायची यंत्रणा एकाच ठिकाणी बसते, ती तपासताही येते. बॉयलर मोठा आणि जास्त दाबाचा झाला की वाफ सायझिंगला पाठवण्याआधी तिच्याकडून टर्बाईनही फिरवून घेता येतं. जळण म्हणून शेतातला टाकाऊ माल वापरता येतो. मी असं म्हणत नाही की हे उद्या सकाळी होईल. पाइप किती लांब न्यायचा, वाफेचं मीटर कुणाचं, एका कारखान्याने पैसे थकवले तर काय, असे पन्नास प्रश्न आहेत. पण यातला एकही प्रश्न विज्ञानाचा नाही. सगळे चार माणसांनी एकत्र बसण्याचे आहेत. अवघड तेच आहे.

छप्पर कुणाचं?

आता सूर्याकडे येऊ. त्याबद्दल खूप स्वप्नं विकली जातात, म्हणून आधी आकडे. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतं. त्याला सावली नसलेली साधारण १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे तीन किलोवॅटला ३०० चौरस फूट, आणि महिन्याला ३५० युनिटच्या आसपास वीज. साध्या घराला ती पुरून उरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठीही किलोवॅटमागे १८ हजारांची सोय आहे.

यंत्रमागाचं गणित वेगळं. साध्या मागाची मोटर एक हॉर्सपॉवरची, म्हणजे पाऊण किलोवॅट. २४ मागांचा कारखाना वीस तास चालला तर दिवसाला ३६० युनिट. शेडवर १८ किलोवॅटचं सौर बसवलं, म्हणजे १,८०० चौरस फूट पत्रा झाकला, तर मिळतील ७२ युनिट. पाचवा हिस्सा. पाचवा हिस्सा कमी नाही, पण 'बिल शून्य' म्हणणाऱ्या एजंटाला हे गणित कागदावर मांडायला सांगा. मांडता आलं नाही तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

आणि ज्याचं छप्परच स्वतःचं नाही त्याचं काय? भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, तीन मजली चाळीतला खालचा मजला. योजना छपराच्या मालकाला मिळते. म्हणून आपल्याला सामाईक छपरांचा विचार करावा लागेल. शाळा, जमातखाना, मशीद, समाजमंदिर, पतसंस्थेची इमारत. मोरोक्कोमध्ये २०१४ पासून सरकारने मशिदींचा असा कार्यक्रम हाती घेतला. ६०० मशिदींचं उद्दिष्ट ठेवलं. साधे दिवे काढून एलईडी, छतावर सौर पॅनेल, वझूच्या पाण्यासाठी सौर बंब. हेतू फक्त मशिदीचं बिल कमी करण्याचा नव्हता. गावातल्या इलेक्ट्रिशियनने ते काम शिकावं आणि लोकांनी रोज पाच वेळा ते डोळ्यांनी बघावं, हाही होता. ॲटलास पर्वतातल्या ताद्मामेत गावी तर मशीद स्वतःला लागते त्याहून जास्त वीज करते.

आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी बघा. शंभरेक घरांचं डोंगरातलं गाव. २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. इतक्या लहान गावाला जमतं, तर आपल्या एका गल्लीला का जमू नये?

पण फसलेली उदाहरणंही बघायला हवीत. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं सौर मायक्रोग्रिड सुरू झालं. देशभर बातम्या झाल्या. काही काळातच सरकारी ग्रिडची स्वस्त वीज गावात आली, बॅटऱ्या थकल्या, आणि ते केंद्र बंद पडलं. पॅनेल २५ वर्षं टिकतं. बॅटरी आणि इन्व्हर्टर तेवढे टिकत नाहीत. ते बदलायचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवले नाहीत, तर उद्घाटनाचा फोटो तेवढा भिंतीवर राहतो.

तुम्ही काय करायचं?

भाषण ऐकून उठलात आणि एक रोप लावून मोकळे झालात, असं नको. चार कामं सांगतो.

पहिलं, बिलं गोळा करा. आपल्या गल्लीतल्या वीस घरांची आणि पाच कारखान्यांची बारा महिन्यांची बिलं. युनिट किती, दर किती, थकबाकी किती, दंड किती. एका वहीत उतरवा. कित्येक घरांत बिल फक्त भरलं जातं, वाचलं जात नाही. या कामात मुली आणि बायका पुढे असू द्या. पुरुषाने विचारलं तर उत्तर मिळतं की बिल जास्त येतं. बाईने विचारलं तर कळतं की फ्रीज जुना आहे आणि पाण्याची मोटर रात्रभर चालते.

दुसरं, उष्णतेचा नकाशा करा. बेकरीची भट्टी, सायझिंग, लाँड्री, दवाखाना, मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर. काय जळतं, किती जळतं, किती वाया जातं. डेन्मार्कने १९७९ नंतर देशभर केलं ते तुम्ही एका वॉर्डात करायचं. एका बेकरीच्या भट्टीच्या धगीवर शेजारच्या दवाखान्याचं पाणी तापलं, तरी सुरुवात झाली.

तिसरं, हुन्नर शिका. आयटीआय झालेल्यांनी बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यावी. ती राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. प्रमाणपत्र असलेला माणूस नसेल तर बॉयलर चालवता येत नाही, असा कायदा आहे. म्हणजे ही नोकरी कुणाच्या मेहेरबानीची नाही. सौर पॅनेल बसवण्या-दुरुस्तीसाठी 'सूर्यमित्र' प्रशिक्षण आहे. इंजिनिअरिंग झालेल्यांसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोची ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक ही परीक्षा आहे. आपल्या मोहल्ल्यात ऊर्जेचा हिशोब वाचणारे दोन जण तयार झाले, तर एजंटाचं दुकान निम्म्याने बंद होईल.

चौथं आणि सर्वांत अवघड, एक सामाईक प्रकल्प उभा करा. लहान घ्या. एका शाळेचं छप्पर, पाच-दहा किलोवॅट. पण पहिल्या दिवसापासून त्याचे नियम लिहून भिंतीवर लावा. पैसे कुणी किती दिले, वीज किती झाली, बिल किती वाचलं, दुरुस्ती निधीत किती पडले. दर महिन्याला आकडे बदला. समितीत फक्त एका घरातली, एका जमातीची, एका पक्षाची माणसं नकोत. मोहल्ला आपला आहे म्हणजे फक्त आपल्या नावांच्या लोकांचा नाही. शेजारच्या गल्लीत मराठा कुटुंब असेल, बौद्ध वस्ती असेल, लिंगायत दुकानदार असेल. धूर सगळ्यांच्या छातीत जातो, तर वीजही सगळ्यांच्या घरात जाऊ दे. साम्सोत पवनचक्की एकट्याची असती तर शेजारी तिच्या आवाजाची तक्रार करत बसले असते. वाटा मिळाला की माणूस वाऱ्याची वाट बघतो.

शेवटी एक गोष्ट. आपल्या समाजात आपण मागण्यांची निवेदनं खूप लिहितो. ती लिहिलीच पाहिजेत, हक्क मागूनच मिळतात. लोडशेडिंगविरुद्ध, चुकीच्या बिलाविरुद्ध, प्रदूषणाविरुद्ध आवाज उठवा. पण निवेदनासोबत वही जोडा. वीस घरांची बिलं आणि एका वॉर्डाचा उष्णतेचा नकाशा हातात असलेल्या तरुणाला कुठलाही अधिकारी 'नंतर या' म्हणताना दोनदा विचार करतो. आणि त्याने 'नंतर या' म्हटलंच, तरी वही तुमच्याकडेच राहते. तिच्यावर पुढचं काम सुरू होतं.

वही आजच घ्या. पहिलं बिल स्वतःच्या घराचं लिहा. आता प्रश्न विचारा, मी थांबलोय.